के-पॉप गायक आणि सक्तीची लष्करी सेवा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दक्षिण कोरियातल्या पुरुष गायकांना ऐन भरात असताना दीड-पावणेदोन वर्षं गणवेश चढवावा लागतो. बीटीएस या गटाचे सातही जण २०२२ ते २०२५ या काळात जाऊन आले, आता त्यांच्यामागून आलेल्या गटांची पाळी आहे. तारखा कशा मोजायच्या, सूट कोणाला मिळते, सैन्यात असलेल्या माणसाचं नवं गाणं कुठून येतं आणि १८ महिन्यांच्या सेवेपायी गटाची जवळपास ४ वर्षं कशी जातात, याची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. उदाहरणं बहुतेक बीटीएसची आहेत, कारण त्यांच्या तारखा चाहत्यांना पाठ आहेत आणि त्यांवर हिशेब पडताळून पाहता येतो.

कोरियात सध्या लढाई चालू नाही. मग ही सक्ती का?

लढाई थांबली आहे, युद्ध कागदोपत्री संपलेलं नाही. २७ जुलै १९५३ रोजी पानमुनजोम इथे झाला तो शस्त्रसंधीचा करार; शांतता करार आजतागायत झालेला नाही. त्यामुळे राज्यघटनेच्या ३९व्या कलमानुसार देशाचं संरक्षण हे नागरिकांचं कर्तव्य आहे आणि लष्करी सेवा कायदा ते कर्तव्य पुरुषांच्या बाबतीत सक्तीचं करतो. स्त्रियांना सक्ती नाही, स्वेच्छेने जाता येतं.

त्या शस्त्रसंधीशी आपल्याकडचा एक धागा जोडलेला आहे, तो फारसा कोणाला माहीत नसतो. मायदेशी परतायला नकार देणाऱ्या सुमारे २३ हजार युद्धकैद्यांचा ताबा तटस्थ देश म्हणून भारतीय सैन्याकडे दिला गेला होता, आणि त्या भारतीय दलाचे प्रमुख होते कोल्हापूरकडचे मेजर जनरल शंकरराव थोरात. ज्या सीमापट्ट्यात त्यांच्या सैनिकांनी १९५३-५४चा हिवाळा काढला, त्याच सीमेला लागून येऑनचॉन जिल्हा आहे. बीटीएसमधल्या जिन, जिमिन आणि जंगकुक यांनी सैन्यात पाऊल टाकलं ते तिथे.

याला ‘भरती’ म्हणावं का?

म्हणतात सगळे, पण आपल्याकडे भरती ही हवीहवीशी गोष्ट आहे. सातारा-कोल्हापूरकडची पोरं पहाटे उठून धावतात ती भरतीत निवड व्हावी म्हणून. कोरियात बोलावणं घरी येतं आणि जावंच लागतं. म्हणून ‘सक्तीची सेवा’ हा शब्द बरा. कोरियन बातम्यांत तुम्हाला दोन शब्द सतत दिसतील: ‘इप्दे’ म्हणजे सैन्यात दाखल होणं आणि ‘जॉन्योक’ म्हणजे सेवा संपवून सुटणं. तिसरा शब्द चाहत्यांचा, ‘गुनबेक्गी’. सैन्य आणि रिकामा काळ या दोन शब्दांचा जोड करून तो तयार झाला आहे. गायक लोकांसमोर नसतो तो मधला काळ.

नेमके किती महिने?

भूदल आणि मरीन १८, नौदल २०, हवाईदल २१. प्रकृतीच्या कारणाने सैनिकी कामाला न बसणाऱ्यांना समाजसेवेची नेमणूक मिळते, तीही २१ महिन्यांची. सद्सद्विवेकाला पटत नाही म्हणून शस्त्र नाकारणाऱ्यांना २०२० पासून तुरुंगांत ३६ महिने पर्यायी काम करावं लागतं.

सुटकेची तारीख काढायला कुठल्या ॲपची गरज नाही. दाखल झाल्याच्या तारखेत महिने मिळवा आणि एक दिवस वजा करा. जिन १३ डिसेंबर २०२२ रोजी गेला. १८ महिने मिळवले की १३ जून २०२४ येते, एक दिवस वजा केला की १२ जून, आणि तो त्याच दिवशी सुटला. जे-होप १८ एप्रिल २०२३ ते १७ ऑक्टोबर २०२४. आरएम आणि व्ही ११ डिसेंबर २०२३ ते १० जून २०२५. जिमिन आणि जंगकुक त्यांच्या एक दिवस मागे, १२ डिसेंबर २०२३ ते ११ जून २०२५. शुगाची नेमणूक समाजसेवेची, म्हणून २२ सप्टेंबर २०२३ मध्ये २१ महिने मिळवायचे: २१ जून २०२५. तो तिसऱ्या क्रमांकाने गेला आणि सगळ्यांत शेवटी सुटला. चाहत्यांची मोजदाद हमखास चुकते ती इथे, कारण सगळ्यांना १८चाच आकडा लावला जातो.

तारीख पुढे सरकू शकते का? हो. शिस्तभंगासाठी पूर्वी कोठडी होती, ती २०२० मध्ये बंद झाली. तिच्या जागी शिस्त-प्रशिक्षण आलं आणि त्यात गेलेले दिवस सेवेत धरले जात नाहीत. तेवढे दिवस सुटका लांबते.

कोण सैन्यात आणि कोण समाजसेवेत, हे कसं ठरतं?

मुलगा १९ वर्षांचा होतो त्या वर्षी शारीरिक आणि मानसिक तपासणी होते. निकाल ७ श्रेणींत लागतो. १ ते ३ म्हणजे प्रत्यक्ष सैन्य. ४ म्हणजे पूरक सेवा: पालिका कार्यालय, कल्याण केंद्र, मेट्रो स्थानक अशा ठिकाणी नोकरीसारखी ड्युटी आणि संध्याकाळी आपल्या घरी. ५ म्हणजे शांततेच्या काळात काही नाही, युद्ध पेटलं तर मात्र बोलावणं. ६ म्हणजे पूर्ण सूट. ७ म्हणजे आत्ता सांगता येत नाही, पुन्हा तपासणी.

श्रेणी ४ म्हणजे ओळख लावून मिळवलेली सोय, असा समज कोरियातही आहे. पाठ, गुडघे, खांदे ही नाचणाऱ्यांची दुखणी खरी असतात. उलट दिशेचं उदाहरणही आहे: टूपीएम या गटाचा ओक टेकयॉन पाठीच्या दुखण्यामुळे पूरक सेवेत बसत होता. त्याने शस्त्रक्रिया करून घेतल्या आणि २०१७ ते २०१९ प्रत्यक्ष सैन्यात काढली. त्याआधी अमेरिकेतला कायमच्या वास्तव्याचा हक्कही सोडला होता.

किती वयापर्यंत पुढे ढकलता येतं?

आधी वय मोजायची पद्धत समजून घ्या, सगळा घोळ तिथे होतो. लष्करी कायद्यात वाढदिवस बघत नाहीत. चालू वर्षातून जन्मवर्ष वजा करतात, आणि ‘२८ पर्यंत’ याचा अर्थ तुम्ही २८चे होता त्या वर्षाची ३१ डिसेंबर. २०२३ च्या जूनमध्ये कोरियाने वय मोजण्याची पद्धत बदलली, पण सैन्यासाठी हाच हिशेब कायम राहिला.

साधारण कमाल मर्यादा २८. पदवी किंवा पुढचं शिक्षण चालू असेल तर लांबणीवर टाकता येतं. इतके सारे गायक पदव्युत्तर वर्गांत नाव घालून का ठेवतात, त्यामागे हेही एक कारण आहे. गायकाची मर्यादा ३० वर जाते ती एकाच वाटेने. १ डिसेंबर २०२० रोजी कोरियन संसदेने कायद्यात दुरुस्ती केली: देशाची प्रतिमा उंचावल्याबद्दल सरकारी सन्मानपदक मिळालेल्या पॉप कलाकाराला, सांस्कृतिक मंत्र्याची शिफारस असेल तर, ३० पर्यंत थांबता येतं. बीटीएसला असं पदक २०१८ मध्ये मिळालं होतं. वर्तमानपत्रांनी याला ‘बीटीएस कायदा’ म्हटलं आणि आपल्याकडच्या काही बातम्यांत त्याचं ‘बीटीएसला सूट’ झालं. ती सूट नव्हती, फक्त २ वर्षांची मुदतवाढ होती.

म्हणजे इतर कुठल्याही गटासाठी जन्मवर्ष अधिक २८, आणि पदक असेल तर अधिक ३०. बीटीएसच्या शेवटच्या तारखा अशा निघत होत्या: जिन (१९९२) २०२२ची अखेर, शुगा (१९९३) २०२३, आरएम आणि जे-होप (१९९४) २०२४, जिमिन आणि व्ही (१९९५) २०२५, जंगकुक (१९९७) २०२७.

मग जंगकुक ४ वर्षं आधी का गेला?

या सगळ्या विषयाची किल्ली या प्रश्नात आहे. १८ महिने बदलता येत नाहीत. हातात असतो तो क्रम.

समजा सातही जण आपापल्या शेवटच्या तारखेपर्यंत थांबले असते. जिन २०२२ अखेरीस गेला असता, जंगकुक २०२७ अखेरीस, आणि तो सुटला असता २०२९ च्या मध्यावर. या साडेसहा वर्षांत, २०२७ चा उत्तरार्ध सोडला तर, सातजण एका रंगमंचावर आले नसते. कोणाचाही काळ एकमेकांवर न येऊ देता अगदी एकामागून एक गेले असते तर १८ चे सहा आणि २१ चा एक मिळून १२९ महिने, म्हणजे जवळपास ११ वर्षं. प्रत्यक्षात पहिला गेल्यापासून शेवटचा सुटेपर्यंत लागले सुमारे ३० महिने. हे साधलं ते धाकट्यांनी आपली शिल्लक मुदत सोडून दिल्यामुळे. जे-होपकडे दीड वर्षाहून जास्त होतं, जिमिन-व्हीकडे २ वर्षं, जंगकुककडे ४.

उलटं उदाहरण एक्सो या गटाचं. शिउमिन मे २०१९ मध्ये गेला आणि सेहुन सुटला सप्टेंबर २०२५ मध्ये. सहा वर्षांहून जास्त काळ, २०२३ मधले काही महिने सोडले तर, कोणी ना कोणी सेवेत होतंच. जे हाताशी आहेत त्यांना घेऊन अल्बम काढले, पण पूर्ण गट क्वचितच दिसला. सुपर ज्युनिअरने तर ही साखळी २०१० ते २०१९ अशी चालवली. त्यांच्याकडे माणसं इतकी की दोघे-तिघे नसले तरी कार्यक्रम उभा राहायचा. मोठ्या गटाला एकेक करून जाणं परवडतं. चार-सात जणांच्या गटात प्रत्येकाच्या वाट्याला ठरलेल्या ओळी आणि नाचातल्या ठरलेल्या जागा असतात. एक हलला की सगळी रचना नव्याने बसवावी लागते.

एकत्र जाण्यातही धोका आहे: कंपनीची कमाई एकदम आटते. बीटीएसची कंपनी बिगहिट (आताची हाइब) हिने २०२० मध्ये शेअर बाजारात उतरताना दिलेल्या कागदपत्रांत २०१९च्या महसुलातला बीटीएसचा वाटा ९७.४ टक्के दाखवला होता आणि सक्तीची सेवा ही जोखीम म्हणून मांडली होती. जून २०२२ मध्ये गटाने एकत्र काम थांबवून एकेकट्याने काम करणार असं सांगितलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी हाइबचा शेअर सुमारे २५ टक्क्यांनी कोसळला. ज्या कंपनीकडे दुसरे गट उभे आहेत तिलाच सगळ्यांना एकदम पाठवणं झेपतं.

आणि गणित चोख बसवूनही दैव आडवं येतं. बिगबँग या गटाचे चौघे फेब्रुवारी २०१७ ते मार्च २०१८ या टप्प्यात गेले, नोव्हेंबर २०१९ पर्यंत सगळे सुटले. पुनरागमन ठरलं होतं एप्रिल २०२० च्या कोचेला या अमेरिकेतल्या संगीत महोत्सवात. कोविडने तो महोत्सवच गिळला, आणि पुढचं गाणं यायला एप्रिल २०२२ उजाडलं.

१८ महिन्यांची ४ वर्षं होतात ती कशी?

बीटीएसचा सैन्याआधीचा शेवटचा गट-अल्बम १० जून २०२२ चा, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये बुसानची मैफल. नंतरचे ३० महिने सेवेचे, ते वर पाहिलं. जून २०२५ मध्ये शेवटचा सुटला, आणि १ जुलै २०२५ रोजी गटाने जाहीर केलं की जुलैपासून एकत्र बसून काम सुरू आणि अल्बम २०२६ च्या वसंतात. सुटकेनंतरचे हे आठ-नऊ महिने लोक हिशेबात धरत नाहीत. गाणी लिहायची, ध्वनिमुद्रण करायचं, नाच बसवायचे, जगभरची सभागृहं आरक्षित करायची. दीड वर्ष बूट आणि बंदूक वागवलेल्या शरीराला तीन तासांच्या कार्यक्रमाचा दम परत आणायलाही वेळ लागतो.

म्हणून आवडता गट कधी परतणार याचा अंदाज बांधताना शेवटच्या सदस्याच्या सुटकेच्या तारखेत निदान ६ ते ९ महिने मिळवा. एकल गायकाचं लवकर होतं. जिन जून २०२४ मध्ये सुटला आणि त्याचा अल्बम नोव्हेंबरात आला.

पियानो वाजवणाऱ्याला सूट मिळते, मग बिलबोर्डवर पहिला येणाऱ्याला का नाही?

१९७३ सालच्या नियमामुळे. पाश्चात्त्य अभिजात संगीत, बॅले, कोरियन पारंपरिक कला यांतल्या ठरावीक आंतरराष्ट्रीय स्पर्धांत पहिला किंवा दुसरा क्रमांक, ठरावीक देशी स्पर्धांत पहिला, ऑलिंपिकचं कुठलंही पदक आणि आशियाई खेळांचं सुवर्ण, एवढ्याच वाटा त्यात आहेत. या वाटेने गेलेल्याला काही आठवड्यांचं प्राथमिक प्रशिक्षण, मग ३४ महिने आपल्याच क्षेत्रात काम आणि ५४४ तास समाजकार्य. पियानोवादक चो सॉंग-जिन २०१५ ची शोपॅं स्पर्धा जिंकला, फुटबॉलपटू सोन हुंग-मिनने २०१८ च्या आशियाई खेळांत सुवर्ण मिळवलं, आणि २०२३ च्या हांगझोऊ खेळांतल्या सुवर्णामुळे ‘फेकर’ या व्हिडिओ-गेम खेळाडूलाही ही सवलत लागू झाली. बिलबोर्ड ही विक्री आणि ऐकण्याची यादी आहे, परीक्षकांची स्पर्धा नाही. नियमात तिला जागा नाही. व्हिडिओ गेमला वाट मिळते आणि गाण्याला नाही, हे विसंगत आहे यात शंका नाही. वाट रुंद करायची की सगळ्यांसाठीच बंद करायची, यावर कोरियात अजून एकमत नाही. ज्यांची मुलं कुठल्याही पदकाशिवाय जातात ते आईबाप दुसऱ्या बाजूचे असतात.

दाखल होण्याच्या दिवशी आणि पुढे काय होतं?

डोक्यावर मशीन आदल्या दिवशीच फिरवून घेतलेलं असतं. दुपारी ठरलेल्या वेळी प्रशिक्षण केंद्राच्या फाटकात जायचं, घरच्यांचा निरोप घ्यायचा. भूदलात ५ आठवडे प्राथमिक प्रशिक्षण: कवायत, नेमबाजी, हातगोळा, वायुमुखवटा लावून धुराच्या खोलीत उभं राहणं, पाठीवर ओझं घेऊन लांब पल्ल्याची चाल. त्यानंतर तुकडी मिळते. समाजसेवावाल्यांना असं प्रशिक्षण ३ आठवड्यांचं आणि ते सेवेच्या मधेही येऊ शकतं. शुगा सप्टेंबर २०२३ मध्ये रुजू झाला, प्रशिक्षण घेतलं मार्च २०२४ मध्ये.

साधारण २ महिने कनिष्ठ शिपाई, ६ महिने त्यावरची पायरी, ६ महिने तिसरी आणि उरलेले ४ ‘ब्यॉंगजांग’, म्हणजे सेवेतल्या पोरांतला सर्वांत वरचा दर्जा. कामगिरी उत्तम असेल तर बढती आधी मिळते.

मित्रासोबत जाण्याची एक योजना आहे, जिमिन आणि जंगकुक तिनेच गेले. दोघांना एकाच तुकडीत ठेवतात, पण मोबदल्यात नेमणूक उत्तरेकडच्या सीमेजवळ होते, आणि तिथला हिवाळा हाडं गोठवणारा असतो.

गायकाला तिथे गायचंच काम मिळतं ना?

पूर्वी मिळायचं. संरक्षण खात्याच्या प्रसिद्धी विभागात कलाकारांची खास तुकडी होती. वागणुकीवरून आणि सुट्ट्यांच्या खैरातीवरून ओरड झाली आणि जुलै २०१३ मध्ये ती मोडीत काढली. आता नाव कितीही मोठं असो, नेहमीच्या कामांतलंच एक वाट्याला येतं. जिन पाचव्या डिव्हिजनमध्ये आणि जे-होप वॉन्जूच्या छत्तिसाव्या डिव्हिजनमध्ये नव्या शिपायांना शिकवणारे साहाय्यक प्रशिक्षक झाले. व्ही चुन्चॉनमध्ये लष्करी पोलिसांच्या विशेष पथकात होता, जिमिन तोफखान्यात, जंगकुक भटारखान्यात. बँडमध्ये गेला तो एकटा आरएम, ह्वाचॉनच्या पंधराव्या डिव्हिजनमध्ये, आणि तिथून सॅक्सोफोन शिकून आला.

सैन्यात असताना त्यांची नवी गाणी कशी येत होती?

साठवणीची आहेत. सेवेत असताना नफ्यासाठी काम करायला मनाई आहे: जाहिरात नाही, ध्वनिमुद्रण नाही, तिकीट लावून मैफल नाही. आधी करून ठेवलेलं काम कंपनी बाहेर काढू शकते. पावसाळ्यासाठी पापड-कुरडया उन्हाळ्यातच करून ठेवाव्यात, तसं जाण्याआधीचे सहा-आठ महिने ध्वनिमुद्रण, व्हिडिओ, छायाचित्रं, मुलाखती यांत जातात. मग वर्षभर थोडं थोडं बाहेर काढायचं. मार्च २०२४ मध्ये जे-होप आणि व्ही, मे महिन्यात आरएम, जूनमध्ये जंगकुक, जुलैत जिमिन, असा क्रम लागला होता, आणि हे सगळे तेव्हा बराकीत होते. ऑगस्टमध्ये जिमिन-जंगकुकचा प्रवासाचा कार्यक्रम आला, तोही जाण्याआधी चित्रित केलेला.

साठवणीत दोन गोष्टी बिघडतात. एक, प्रचाराला माणूस नसतो: टीव्हीवर येऊन नाचणार कोण? म्हणून साठवणीसाठी सहसा व्हिडिओवर चालणारी किंवा नुसती ऐकायची गाणी निवडतात. दुसरी, चव बदलते. दीड वर्षापूर्वीचा आवाज आज जुना वाटू शकतो.

एल्विस प्रेस्लीच्या बाबतीत असंच झालं होतं ना?

युक्ती हीच, पण कोठार फार लहान. तो २४ मार्च १९५८ रोजी अमेरिकी सैन्यात गेला, ५ मार्च १९६० रोजी सुटला. बहुतेक काळ पश्चिम जर्मनीतल्या फ्रिडबर्गच्या रणगाडा बटालियनमध्ये. पहिला पगार महिना ७८ डॉलर. आरसीए कंपनीने आधीची गाणी पुरवून पुरवून वापरली, आणि मधे भर पडली ती जून १९५८ च्या रजेत नॅशव्हिलला दोन दिवसांत मुद्रित केलेल्या ५ गाण्यांची. आज कोरियात अशा रजेतल्या ध्वनिमुद्रणाला मनाई आडवी आली असती. परतल्यावर मात्र पंधरवड्यात, २० मार्च १९६० ला, तो स्टुडिओत हजर होता. एकट्या गायकाला ते जमतं.

सगळ्यांचं असं निभावलं नाही. पहिली सातही गाणी अमेरिकेत पहिल्या दहांत नेणारा गॅरी लुईस व्हिएतनाम युद्धाच्या दिवसांत, १९६७ च्या सुरुवातीला, सैन्यात गेला. १९६८ मध्ये परतला तोवर रॉकचा सगळा बाजच पालटला होता आणि त्याला ती जागा पुन्हा मिळाली नाही.

पगार किती?

तोही पायरीनुसार. वरच्या ‘ब्यॉंगजांग’ दर्जाला २०२३ मध्ये महिना १० लाख वॉन, २०२४ मध्ये साडेबारा लाख, २०२५ मध्ये १५ लाख. सर्वांत खालच्या शिपायाला २०२५ मध्ये साडेसात लाख. आधीच्या गाण्यांचं मानधन बंद होत नाही, त्यामुळे गायकांच्या बाबतीत हा आकडा नावापुरताच.

फोन वापरता येतो का? पोस्ट दुपारीच का येतात?

जुलै २०२० पासून काम संपल्यावर वापरता येतो: साधारण कामाच्या दिवशी संध्याकाळी ६ ते ९, सुट्टीला सकाळी साडेआठ ते रात्री ९. कोरियाचं घड्याळ आपल्यापुढे साडेतीन तास. म्हणजे आपल्याकडे दुपारी अडीच ते साडेपाच. कॉलेज सुटायच्या वेळेला सूचना वाजतात त्या यामुळे. प्रशिक्षणाच्या ५ आठवड्यांत फोन जवळपास बंदच असतो, सुट्टीच्या दिवशी तासभर मिळतो. त्या काळात शांतता असेल तर काळजीचं कारण नाही.

हाच साडेतीन तासांचा हिशेब बाकी ठिकाणी लावा. कोरियात मध्यरात्री जाहीर होणारी गोष्ट आपल्याकडे रात्री साडेआठला, दुपारी १ चं गाणं सकाळी साडेनऊला. सुटका सकाळी आठ-नऊच्या सुमारास होते, म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेचार ते साडेपाच. गजर लावून ठेवा.

पत्र किंवा भेटवस्तू पाठवू का?

पाठवू नका. बीटीएसच्या कंपनीने स्वतः तशी विनंती केली होती: केंद्रात साठवायला जागा नसते, हजारो पाकिटांत वस्तू गहाळ होतात, आणि शेजारच्या खाटेवरच्या ज्या पोराला घरून एकच पत्र यायचं असतं त्याचं पत्र ढिगात अडकतं. भारतातून पाठवलेलं पार्सल पोचेपर्यंत प्रशिक्षण संपून त्याची बदलीही झालेली असते. वीवर्स या चाहत्यांसाठीच्या ॲपवर लिहा, फोन हातात आला की तिथलंच वाचलं जातं. फाटकाबाहेर गर्दी करू नका हेही दरवेळी सांगितलं जातं, आणि त्यामागचं कारण सुरक्षेचं आहे.

टाळाटाळ केली तर काय होतं?

दोन प्रकरणं लक्षात ठेवा. ‘साय’ या गायकाने २००३ ते २००५ एका कंपनीत तांत्रिक कामाची पर्यायी सेवा केली. काम नीट केलं नाही असा निष्कर्ष २००७ मध्ये निघाला आणि त्याला डिसेंबर २००७ मध्ये नव्याने सैन्यात जावं लागलं. जुलै २००९ मध्ये सुटला. दोनदा सेवा करावी लागलेला हा माणूस तीन वर्षांनी ‘गंगनम स्टाइल’ घेऊन जगभर गेला.

यू सुंग-जुनचं तसं झालं नाही. नव्वदच्या दशकाच्या अखेरीचा हा आघाडीचा गायक, सैन्यात जाईन असं जाहीरपणे सांगणारा. जानेवारी २००२ मध्ये त्याने अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं आणि सेवेची जबाबदारी संपली. पुढच्याच महिन्यात त्याला कोरियाच्या विमानतळावरून परत पाठवण्यात आलं. व्हिसासाठीचे खटले तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत २०२० आणि २०२३ मध्ये जिंकला, तरी त्यानंतरही व्हिसा नाकारला गेला. लोकांना जास्त लागलं ते ‘जाईन’ म्हणून न जाणं.

गटातल्या परदेशी सदस्यांचं काय?

कोरियन नागरिक नसेल तर लागू नाही. दुहेरी नागरिकत्व असलेल्या मुलाने १८ वर्षांचा होतो त्या वर्षीच्या ३१ मार्चपर्यंत कोरियन नागरिकत्व सोडलं नाही, तर त्यालाही जावं लागतं. आणखी एक: सेवा न झालेल्या पुरुषाला २५व्या वर्षापासून परदेशी जायला लष्करी मनुष्यबळ कार्यालयाची परवानगी लागते. जगभर दौरे करणाऱ्या गटांसाठी हे प्रत्येक वेळचं कागदी काम आहे.

सुटले म्हणजे कायमचे मोकळे?

नाही. त्यानंतर ८ वर्षं राखीव दलात नाव राहतं, आणि त्यातल्या पहिल्या ६ वर्षांत दरवर्षी प्रशिक्षणाला बोलावलं जातं. सुरुवातीच्या वर्षांत ते सलग २ रात्री ३ दिवसांचंही असतं. राखीव दल संपलं की ४० वर्षांचे होईपर्यंत नागरी संरक्षणाच्या यादीत. त्यामुळे पुढच्या काही वर्षांत दौऱ्याच्या वेळापत्रकात एखाद्याचं नाव दोन-तीन दिवस गायब दिसलं, तर अफवा पसरवण्याआधी ही शक्यता तपासा.